पावसाळ्यात रिजेक्शन का वाढतं, ते कुणाकुणाला ठाऊक होतं?

उद्यमबागचा भोंगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलोय त्याला कारण एक लोखंडी रॅक.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) प्लॅनिंग बघतो. नाव सांगत नाही. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे थोडे भाग असं आमचं काम. ऐंशी-नव्वद माणसं. मालकांची दुसरी पिढी आता बसते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी चांगलं महागातलं सॉफ्टवेअर घेतलं. रोज सकाळी नऊला प्रत्येकाच्या फोनवर रिपोर्ट येतो. कुठल्या हीटला (भट्टीच्या एका घाण्याला) किती माल ओतला, कुठला पार्ट किती गेला, कशामुळे गेला. लाल, पिवळ्या, हिरव्या फोडी केलेलं गोल चित्र. दिसायला झकास.

यंदा जून संपता संपता त्या चित्रातली ‘ब्लोहोल’ची फोड मोठी व्हायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतलेल्या लोखंडात वायू अडकला की आत पोकळ भोक राहतं. वरून कास्टिंग सुरेख, मशीनवर चढवून कातलं की भोक उघडं पडतं. तोवर त्याच्यावर वीज, मजुरी, वेळ सगळं खर्ची पडलेलं असतं.

तीन आठवडे मीटिंगा चालल्या. मोल्डिंगवाल्यानं वाळूवर ढकललं. सँड प्लांटवाल्यानं ओलाव्याचा तक्ता पुढं केला, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरोबर. मग मेल्टिंगवर आलं, की लोखंड थंड ओतता. त्यांनी तापमानाची नोंद काढली, तीही बरोबर. प्रत्येकाकडं आपापलं निर्दोषत्व सिद्ध करणारा कागद होता. शेवटी मोल्डरांचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला. कुणाचा तरी कापायचा होता.

मग एका संध्याकाळी पाऊस थांबायची वाट बघत मी कोअर शॉपच्या शटरपाशी उभा होतो. (कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी यावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा.) तिथं वीस वर्षं काम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, “सायेब, ह्या कोर परवाच्या. तुमी प्लॅन बदलला की, मग हितंच पडल्या. आनि हितं झड येती.”

बघितलं तर शटर खालून वाकलेलं, रॅक बरोब्बर त्याच्या तोंडाशी. कोअरनं ओल धरली की तापलेल्या लोखंडाशी गाठ पडल्यावर त्याची वाफ होणार, ती जाणार कुठं? लोखंडातच. मावशींना हे माहीत होतं. ओली वाटली तर कोअर पुन्हा ओव्हनमधून काढायची, हेही माहीत होतं. हाताला वेळ असेल तेव्हा त्या आपणहून करतही होत्या.

आता खरी गोम. मी विचारलं, “सांगितलं का नाही?” तर त्यांनी सांगितलं होतं! आषाढ लागला तेव्हाच, सुपरवायझरला. त्यानं ते पुढं नेलं नाही. का? कोअर दोन-दोन दिवस पडून राहत होत्या त्या मी ऐनवेळी प्लॅन बदलत होतो म्हणून. म्हणजे त्याला येऊन मलाच सांगावं लागलं असतं, की भोंगासाहेब, हे तुमच्यामुळं होतंय. आणि त्याचं अप्रेझल मी लिहितो.

सॉफ्टवेअरमध्ये रिजेक्शनच्या कारणांचे चौदा रकाने आहेत. ‘कोअर किती दिवस पडून होती’ हा रकाना नाही. रकाने ठरवणाऱ्या मीटिंगला मावशी नव्हत्या. मी होतो.

तर मंडळी, तुमच्या-तुमच्या ठिकाणी काय आहे? बातमी वर जाते का? कुठं अडते? पगार, रजा, बदलीची तक्रार नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

---

मांडेप्रेमी

तीन आठवडे मीटिंगा आणि उत्तर शटरपाशी. मावशींना चहा तरी पाजलास काय?

---

आरपीडी कॉर्नर

भोंगा, धागा आवडला. मी मॅनेजमेंट शिकवते, त्यामुळे दोन नावं टाकल्याशिवाय राहवणार नाही, सहन करा.

रसेल ॲकॉफ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६७ मध्येच एक निबंध लिहून त्या काळच्या संगणकी माहिती-व्यवस्थांची चेष्टा केली होती. सगळे धरून चालतात की मॅनेजरला माहिती कमी पडते. त्याचं म्हणणं, कमी पडत नाही, नको ती फार मिळते. हर्बर्ट सायमननं (१९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल) त्याच सुमारास वेगळ्या अंगानं हेच मांडलं: माहिती वाढली की ती खाते काय, तर वाचणाऱ्याचं लक्ष. लक्ष मोजकंच असतं. तुमच्या फोनवर नऊ वाजता आलेल्या त्या रंगीत फोडींनी तुम्हा सगळ्यांचं लक्ष आधीच खाऊन टाकलं होतं. शटरकडं बघायला शिल्लक काय राहिलं?

आणि तिसरं नाव, मिंट्झबर्ग. यानं पाच बड्या अधिकाऱ्यांच्या मागं प्रत्येकी आठवडाभर फिरून ते दिवसभर करतात काय, ते टिपलं. १९७३ मध्ये ते पुस्तकरूपानं आलं. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली. शांत बसून आकडे वाचून योजना आखणारा साहेब त्याला सापडलाच नाही. ही माणसं बोलण्यावर, फोनवर, उडत्या बातमीवर चालत होती. गप्पा आणि कानगोष्टी म्हणजे वेळ घालवणं असं वर्गात पोरं म्हणतात, तेव्हा मी हे सांगते. तुम्हाला मिळालेली बातमीसुद्धा पावसामुळे अडकून पडलात म्हणून मिळाली.

---

खतावणी

मी खानापूरकडचा. एका पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली, शाखाधिकारी म्हणून निवृत्त. संस्थेचं नाव विचारू नये.

भोंगासाहेब, तुमच्याकडं बातमी खालून वर जाताना अडली. आमच्याकडं वरच्याला ती ऐकायचीच नव्हती. हा रोग वेगळा.

जुन्या पद्धतीत रोजमेळ असायचा. संध्याकाळी तिजोरीतली रोकड आणि वही जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. अडीच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत बसलोय. कीर्द, खतावणी, सगळं हातानं. लोक म्हणतात संगणक आल्यावर पारदर्शकता आली. आली. पण रोजमेळ जुळणं आणि संस्था निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. रोकड पैशापैशाला जुळायची आणि कर्जं सडत असायची.

मार्च एंडला ‘नवं-जुनं’ म्हणजे काय, हे सहकारातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कर्जदार तीस मार्चला कुठून तरी उसने पैसे आणून थकलेलं कर्ज भरतो, दोन दिवसांनी संस्था त्याला तेवढंच किंवा थोडं जास्त नवं कर्ज देते, तो उसने फेडतो. कागदावर वसुली फक्कड. वार्षिक सभेत टाळ्या, लाभांश, जिलेबी. मी पहिल्या वर्षी हे टिपणात लिहून चेअरमनकडं नेलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “हे तोंडी सांगायचं होतं की.” पुढच्या वर्षी तोंडी सांगितलं. तेव्हा म्हणाले, “लेखी काही आहे का?”

त्यानंतर मी सांगायचं सोडलं. खोटं कधी लिहिलं नाही, विचारलं तेवढंच लिहिलं. ही माझी कबुली समजा.

मुंबईतल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, तेव्हा एकाच उद्योगसमूहाची कर्जं झाकायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवल्याचा आरोप पुढं आला. लोक चकित झाले, एवढी खाती कुणाला दिसली नाहीत कशी म्हणून. मी चकित झालो नाही. एवढी खाती तयार करायला हात किती लागले असतील, त्याचा मी विचार करत बसलो.

जाता जाता कामाचं सांगतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं छत्र आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या भागात अर्धं गाव पतसंस्थेत पैसे ठेवतं आणि ही साधी माहिती काउंटरवर कुणी सांगत नाही.

---

मांडेप्रेमी

काका, “लेखी काही आहे का?” वाचून हसू आलं, मग आलं नाही.

---

चिकोडीचा ऊस

आमच्याकडं कारखान्यात एमडी आहेत, शेती अधिकारी आहेत, ॲप आहे, एसएमएस येतो. खरं माहिती कुणाकडं? चिटबॉयकडं, म्हणजे गावात फिरून उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडं. (इथं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, पुण्याच्या मंडळींनी गोंधळू नये.)

लागणीची तारीख त्याच्या वहीत. कुणाच्या रानात पाणी साठलंय, कुठली वाट टोळीच्या गाडीला चालती, कुठल्या उसाला तुरा आलाय, सगळं त्याला पाठ. ॲपमध्ये माझा तोडणीचा नंबर १४० दाखवतोय, आणि चिटबॉय म्हणतोय “अण्णा, मंगळवारी टोळी पाठवतो.” मंगळवारी टोळी येते. म्हणजे कारखाना ॲपवर चालत नाही, त्याच्या मोटरसायकलवर चालतो. मग खुशाली (वरचे पैसे) द्यावी लागते ती वेगळी गोष्ट. ज्याच्याकडं बातमी एकट्याची, त्याच्याकडं भाव.

दुसरं. उसाची एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये. आता हा उतारा कुणाचा? माझ्या उसाचा नाही. कारखान्याच्या आदल्या हंगामाच्या सरासरीचा. मी वेळेवर लागण केली, तोडणीआधी पाणी तोडलं, ऊस गोड केला, तरी माझ्या उसात साखर किती निघाली हे मला आयुष्यात कळणार नाही. शेजाऱ्यानं हिरवाच तोडला, दोघांचा दर एक. मग मी कशाला मर मर करू? ह्यो मॅनेजमेंटचा प्रश्न हाय की नाही सांगा मॅडम.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात लिहिलंय, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे आमच्या गावात किती जणांना माहीत होतं? मला स्वतःला चाळिशीत कळलं.

---

आरपीडी कॉर्नर

@चिकोडीचा ऊस, हा मॅनेजमेंटचाच प्रश्न आहे आणि मुळाचा आहे. तुम्ही केलेलं काम तुम्हाला परत दिसत नसेल तर ते सुधारायचं कारण उरत नाही. आम्ही माहिती म्हटलं की ती वर साहेबाकडं जाते एवढंच चित्र काढतो. खाली परत येणारा बाण कुणी काढत नाही.

चिटबॉयचं उदाहरण वर्गात वापरणार, तुमचं नाव न घेता.

---

चिकोडीचा ऊस

वापरा की. नाव कुठं माझं खरं हाय.

---

गडकोट

व्यवस्थापनाचा विषय निघालाय आणि महाराजांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

---

मांडेप्रेमी

मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

---

गडकोट

हसा. पण अष्टप्रधानांकडं या धाग्याच्या नजरेनं बघा. मुजुमदार म्हणजे अमात्य, जमाखर्च बघणार. सुरनीस म्हणजे सचिव, जाणारी पत्रं तपासून महाल-परगण्यांचा हिशेब ठेवणार. वाकनीस म्हणजे मंत्री, राजाच्या रोजच्या घडामोडी आणि खासगीकडची खबर. डबीर म्हणजे सुमंत, परराज्यांशी व्यवहार आणि तिकडची बातमी. आठांतले चार जण सरळ कागदाचे आणि खबरेचे. आणि यांच्या बाहेर बहिर्जी नाईकांचे हेर वेगळे, म्हणजे दरबारातून येणारी बातमी दुसऱ्या वाटेनं ताडून बघायची सोय. भोंगा यांच्या फाउंड्रीत ही दुसरी वाटच नव्हती. एकच सुपरवायझर, तो गप्प बसला की खेळ खल्लास.

---

उद्यमबागचा भोंगा

गडकोट, हे पटलं. मी पण हसायच्या तयारीत होतो. ‘दुसरी वाट’ लिहून ठेवतोय. फक्त आमच्याकडं मालक दुसरी वाट म्हणून कॅमेरे बसवतील, ही भीती.

---

जर्दा

मी निपाणीचा. माझे आजोबा तंबाखू पिकवायचे, त्यामुळे माझं थोडं वेगळं.

तुम्ही सगळे एका संस्थेच्या आतलं बोलताय. आमच्याकडं माहितीची भिंत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये होती. आजोबा सांगायचे: वखारीत माल नेला की व्यापाऱ्याचा माणूस चिमूट घ्यायचा, चुरगाळायचा, वास घ्यायचा आणि काहीच बोलायचा नाही. तोंडावर रेषा हलायची नाही. प्रत कुठली लावली ते त्याला ठाऊक, शेजारच्या वखारीत काय भाव निघाला ते त्याला ठाऊक. आजोबांना फक्त हे ठाऊक, की गाडीभाडं भरून माल परत नेता येत नाही. पैसे मिळायला पुढं महिने.

जॉर्ज अकरलॉफनं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन लिहिलं आणि त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं. विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून चांगला माल बाजारातून हटतो. निपाणीत उलटं होतं. माल आमचा, आम्हीच पिकवलेला, आणि त्याची प्रत काय हे घेणारा आम्हाला सांगणार!

१९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी इथं हमरस्त्यावर बसले, मार्च ते एप्रिल. शेवट गोळीबारात झाला, माणसं गेली. ते आंदोलन भावासाठी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. आजोबा मात्र दुसरंच सांगायचे. रस्त्यावर बसल्यावर पहिल्यांदा चाळीस गावची माणसं एकमेकांशी बोलली, आणि कुणाला कुठल्या वखारीत काय दर मिळाला ते एकमेकांना कळलं. “तवा समजलं की समद्यांनाच येडं करत हुते,” असं म्हणायचे. आजोबा कुठल्या शाळेत गेले नव्हते.

---

खतावणी

जर्दा, हे वाचून थोडा वेळ काही लिहू नये असं वाटलं.

---

येळ्ळूरची लेक

मी स्टाफ नर्स आहे, शहरातल्या एका हॉस्पिटलात. रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमचं सगळं काम हॅन्डओव्हरवर. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सांगते. हे टेबलापाशी बसून केलं की पाच मिनिटांत होतं, आणि खाटेपाशी जाऊन केलं की वीस मिनिटं लागतात. म्हणून सगळीकडं टेबलापाशी होतं. खरं खाटेपाशी केलं की पेशंट मध्येच बोलतो, “अवो ती गोळी कालपासून बंद केल्यात.” ते केसपेपरवर नसतं.

एकदा खानापूरच्या जंगलभागातल्या एका आजींचं सकाळी ऑपरेशन होतं. केसपेपर इंग्रजीत, डॉक्टर कन्नड बोलणारे, भूलतज्ज्ञ हिंदीत विचारणारे. “सुबह से कुछ खाया?” आजी म्हणाल्या नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही. कागदावर टिक. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, “चा तेवढा घेतला की गे तू.” दुधाचा चहा! पोटात दूध असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन दुपारवर ढकललं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, “चा म्हणजे काय खाणं हाय होय?”

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न विचारणारा चुकला होता. आता आमच्या वॉर्डात मी तरी “चहा घेतलास काय?” असंच विचारते. आणि त्या मावशींना हॅन्डओव्हरच्या वेळी जवळ उभं करते. त्यावरून एकदा बोलणीपण खाल्ली, क्लास फोरचं काय काम म्हणून.

---

मराठा मंदिर स्टॉप

भाषेचा विषय येळ्ळूरच्या ताईंनी काढलाच आहे तर बोलतो. आमच्या कारखान्यात सुरक्षेच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. मशीनवर माणसं निम्मी मराठी, उरलेली बिहार-ओडिशाची. प्रेसवर ‘हात घालू नये’ हे ज्या भाषेत लिहिलंय ती तिथला कुणीच वाचत नाही. हे जाणूनबुजून चाललंय. साठ टक्के कन्नडचा कायदा करून इथल्या मराठी माणसाला

*(पुढचा भाग संपादित)*

---

संपादक

सीमाप्रश्न आणि पाट्यांवर वेगळा धागा आहे, तिथं सहाशे प्रतिसाद झालेत. इथं कारखान्यातल्या माहितीपुरतं बोलू या.

---

उद्यमबागचा भोंगा

संपादक, मुद्दा पूर्ण अवांतर नाही. पाटी कायद्याप्रमाणं हवी ती हवीच, पण यंत्रापाशी उभ्या माणसाला कळेल अशी दुसरी लावायला कुणी अडवलेलं नाही. आम्ही प्रेसवर शेवटी तुटक्या बोटांच्या हाताचं चित्र रंगवून घेतलं. आमचा कन्नड फोरमन, मराठी फिटर आणि ओडिशाचा पोरगा, तिघंही ते बघून एकाच वेळी शहारले.

---

सर्व्हे नंबर

भाषेवरून आठवलं. कर्नाटकाच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या योजनेचं उदाहरण घ्यायला हवं, आपल्याच राज्यातलं आहे आणि जगभर शिकवलं जातं.

पूर्वी जमिनीचं दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात, मोडी लिपीत. पुढं तलाठ्याच्या पेटीत. राज्यात असे सुमारे नऊ हजार ग्रामलेखापाल, आणि सुमारे दोन कोटी नोंदी. तुमच्याच जमिनीचा उतारा बघायला त्यांच्या मागं फिरायचं, ते संतीला (बाजाराला) गेले, मीटिंगला गेले, उद्या या. २००० सालच्या आसपास कर्नाटकानं हे सगळं संगणकावर घेतलं आणि तालुक्याला खिडकी उघडली. तेव्हा पंधरा रुपयांत आरटीसी (इकडचा सातबारा) हातात. सदुसष्ट लाखांच्या आसपास खातेदारांचा हा मामला होता.

लोक उताऱ्याचं कौतुक करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त हुशार वाटते. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानंच निकाली काढायचे, अशी अट त्यांनी संगणकातच घातली. कारकून आपल्या माणसाचा अर्ज वर ओढू शकत नाही, आणि लॉगिन बोटाच्या ठशावर. शिस्तीचं परिपत्रक काढलं असतं तर ते फायलीत पडलं असतं.

आता दुसरी बाजू. उतारा कन्नडमध्ये. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. खिडकीवर पैसे दिले की वर पन्नास रुपये बाहेर बसलेल्या माणसाला, वाचून दाखवायला. वडिलांचा पहिला मध्यस्थ वाड्यातून उठला आणि झाडाखाली बसला, एवढाच फरक. आणि दप्तर उघडं झालं ते दलालालाही. हायवेलगत कुणाची जमीन, वाटण्या कशा झाल्यात, हे गावकऱ्याच्या आधी त्याला कळायला लागलं.

---

आरपीडी कॉर्नर

@सर्व्हे नंबर, क्रमाचा मुद्दा फार चांगला. एक भर घालते. ‘भूमी’त जी माहिती होती ती लिहिता येण्याजोगी होती: नाव, क्षेत्र, बोजा. भोंगांच्या मावशींची माहिती तशी नव्हती. कोअर हाताला ‘ओली लागते’ हे रकान्यात कसं मांडणार? १९४५ मध्ये हायेक या अर्थतज्ज्ञानं लिहिलं होतं, की त्या-त्या जागेचं, त्या-त्या वेळेचं ज्ञान त्या-त्या माणसापाशीच असतं, ते आकड्यात बांधून मध्यवर्ती कचेरीत पाठवता येत नाही. तो सरकारी नियोजनाविरुद्ध भांडत होता. पण मला वाटतं एखादी मोठी कंपनीसुद्धा आतून सरकारी नियोजनासारखीच चालते. त्यामुळे माहिती वर आणण्याऐवजी निर्णयच खाली देता येईल का, हे बघावं. रॅक हलवायला मालकाची सही कशाला लागते?

---

खतावणी

मॅडम, निर्णय खाली दिला की जबाबदारी पण खाली जाते. पगार मात्र वरच राहतो. तेवढं शिकवताना सांगत चला.

---

मांडेप्रेमी

+१, आणि काकांना माझ्यातर्फे पाव किलो कुंदा.

---

उद्यमबागचा भोंगा

सहा आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल माफी. काय झालं ते सांगायला हवं.

रॅक हलवला. शटर सरळ करून घेतलं, वेल्डरला अर्धा तास लागला. कोअरच्या प्रत्येक ट्रेवर खडूनं तारीख लिहायची, एवढंच मावशींशी बोलून ठरवलं. खूण त्यांनीच सुचवली: एक दिवस जुनी असेल तर एक रेघ, दोन दिवस असेल तर फुली. फुली असली की ओव्हनमधून काढल्याशिवाय मोल्डिंगला द्यायची नाही. हा निर्णय त्यांचा. मला, सुपरवायझरला, कुणाला विचारायचं नाही. आणि मी प्लॅन बदलला की स्वतः चालत कोअर शॉपला जाऊन सांगायचं, फोनवर नाही. हा नियम माझ्यासाठी. गंमत म्हणजे चालत जायला लागल्यापासून मी प्लॅन कमी वेळा बदलतो.

ब्लोहोलची फोड बारीक झाली. सगळी श्रेयं आम्हाला नकोत, पाऊसही कमी झालाय. पुढच्या आषाढात खरं कळेल.

सुपरवायझरशी एकदा नीट बोललो. म्हटलं, तू का नाही सांगितलंस. तो म्हणाला, “सर, मागच्या वर्षी पॅटर्नचं सांगितलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, इतके दिवस काय झोपला होतास काय?” मला आठवतसुद्धा नव्हतं. त्याला शब्दन् शब्द पाठ होता. मोल्डरांचा कापलेला इन्सेंटिव्ह परत मिळावा म्हणून मी लेखी दिलंय. अजून उत्तर नाही. (खतावणी काका, तोंडीपण सांगितलंय.)

आता पुढची गंमत. मालकांना आकडा दिसला, ते खूश. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून कोअर शॉपसाठी नवं पान करून घेतलं. ट्रे नंबर, बाइंडर, बनवल्याची वेळ, ठेवल्याची जागा, हवेतला दमटपणा, एकूण अकरा रकाने, शिवाय फोटो. मावशींच्या हातात टॅब दिलाय. परवा शटरपाशी भेटल्या. म्हणाल्या, “सायेब, ह्यात भरत बसू काय कोर करू?”

येळ्ळूरची लेक

अगदी आमच्याकडंपण. चार फॉर्म भरते तोवर सलाईन संपतंय.

आरपीडी कॉर्नर

मग काय केलंत?

उद्यमबागचा भोंगा

टॅब कपाटात. संध्याकाळी मीच अंदाजानं अकरा रकाने भरून टाकतो. खडूचा नवा बॉक्स आणून दिलाय. मालकांना अजून सांगितलेलं नाही.

खतावणी

लागला बघा तुम्हालाही तोच रोग.